एका दिवशी एकच नख

लातूरच्या गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत माझं शिलाईचं दुकान आहे. ब्लाउज, फॉल-पिको, आणि लग्नसराईत रात्री बारापर्यंत मशीन. मशीनच्या पायडलपाशी गुंडी झोपते. गुंडी म्हणजे साडेपाच किलोची शित्झू कुत्री. पुतण्यानं पुण्यात हौसेनं घेतली, मग त्याला रात्रपाळी लागली, आणि दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आला तो "काकू, दोनच महिने सांभाळ" म्हणून तिला ठेवून गेला. ते दोन महिने अजून चालूच आहेत.

आली तेव्हा ती तीन वर्षांची होती. अंगभर केस, आणि ब्रश नुसता दिसला की पलंगाखाली. एका पार्लरमध्ये तिला टेबलावर गळ्यात फास अडकवून भादरलं होतं म्हणे. घरी आली तेव्हा पोटाला मशीनच्या तापलेल्या पात्यानं लाल चट्टे पडले होते. त्यात मी भर घातली. डाव्या कानामागं सुपारीएवढी जट झाली होती. म्हटलं, आपला हात रोज कात्रीवर, हे काय अवघड? धागे कापायची छोटी कात्री घेतली आणि कच्‌ केलं. जटेत केसांबरोबर कातडी ओढली गेलेली असते हे मला कुठं माहीत! डॉक्टरांनी दोन टाके घातले. आयुष्यभर टाके घालत आले, पण त्या दिवशी सुईकडं बघवेना.

त्यानंतर दीड महिना ती माझ्या हातात काहीही दिसलं की पळायची. साधा चमचा असला तरी.

तिथून आज ती हनुवटी माझ्या तळहातावर टेकवून कंगवा फिरवून घेते. हे कसं जमलं ते सांगते. यात जादू नाही, वेळ लई लागतो. आम्हाला पाच महिने लागले.

आधी एक करा. कुत्रं हात लावू देत नसेल तर त्याला काही दुखतंय का ते जनावरांच्या डॉक्टरांकडून बघून घ्या. कानात पू असेल, दात किडला असेल, म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे धरले असतील, तर तुम्ही कितीही लाडीगोडी लावा, ते चावणारच. गुंडीच्या उजव्या कानाला वास यायचा आणि ती सारखं डोकं झटकायची. ते आधी बरं केलं तेव्हा निम्मा त्रागा आपोआप कमी झाला. आपल्याकडं उदगीरला आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, जवळ असाल तर तिथंही दाखवता येतं. रेबीजची लस झालेली आहे ना तेही त्याच फेरीत बघून घ्या. तुम्ही दात असलेल्या तोंडाजवळ बसणार आहात.

माझं माहेर औसा तालुक्यातलं. वडील गोऱ्हा औताला धरायच्या आधी कितीतरी महिने रोज सांजच्याला वैरण टाकताना त्याच्या पाठीवरून, पोटाखालून, पार खुरापर्यंत हात फिरवायचे. बोलायचे नाहीत काही. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला हळद-लोणी लावताना आमचा बैल डोळे मिटून उभा, आणि शेजारचा मात्र चौघांनी धरावा लागायचा. शेजारच्याच्या बैलाला हात लागायचा तो वर्षातून एकदाच. गुंडीच्या वेळी मला हे उशिरा आठवलं. ब्रश, नेलकटर, ट्रिमर सगळं मी पत्र्याच्या पेटीत ठेवून दिलं आणि पहिले पंधरा दिवस नुसता हात वापरला.

नुसता हात

रोज दुपारी अडीचला गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा मी जमिनीवर एक पिवळा सुती तुकडा अंथरायची. टेबलावर नाही, मांडीवरही नाही. टेबलाची तिला जुनी भीती, आणि मांडीवर घेतलं की ते धरल्यासारखंच होतं. पिवळा अशासाठी की कुत्र्याला निळा आणि पिवळा रंग चांगला दिसतो, लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. तुकडा अंथरला की आता हे काम, तुकडा उचलला की काम संपलं, एवढं तिला समजायला हवं होतं.

खाऊ म्हणून उकडलेल्या चिकनचे धागे. बिनमिठाचं, बिनमसाल्याचं, आणि हरभऱ्याच्या डाळीएवढा एक तुकडा. चिकन चालत नसेल त्या घरी पनीर घ्या. भाकरीचा तुकडा रोज मिळतोच, त्याला कुत्रं भीक घालत नाही. एवढ्या अवघड कामाला मजुरीही तशीच लागते. पण प्रसादातला मनुका कौतुकानं देऊ नका. मनुका आणि द्राक्षं कुत्र्याच्या किडनीला विषारी ठरू शकतात, चॉकलेट आणि कांदाही नको. बाजारातलं पीनट बटर देत असाल तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी गोडीला घालतात ते) नाव आहे का ते वाचा, ते कुत्र्याला फार घातक. आणि हा खाऊ जेवणातून वजा करा, नाहीतर साडेपाच किलोचं साडेसात व्हायला वेळ लागत नाही.

आता यातली खरी गोम. हात आधी, खाऊ नंतर. खांद्याला दोन बोटं लावायची, काढायची, मग खाऊ. आपण उलटं करतो. चिकन तोंडापुढं धरतो आणि तिचं लक्ष नाही बघून हळूच पाय पकडतो. असं चार वेळा झालं की कुत्रं चिकनवरच संशय घेतं. माझं तसंच झालं होतं. पहिल्या आठवड्यात गुंडी चिकन बघून मागं सरकायला लागली तेव्हा कळलं की चूक क्रमाची आहे.

खांदा जमला की पाठ, मग छाती, मग कानाचं मूळ. पंजे सगळ्यात शेवटी, आणि पंजातही पुढचे आधी. एकूण तीन मिनिटं. मी मशीनवर बॉबिन भरायला लावायची आणि ती भरली की थांबायची. ती अजून मागतेय तोवरच थांबायचं.

ती काय म्हणतेय ते बघा

कुत्रं गुरगुरायच्या कितीतरी आधी बोलत असतं. भूक नसताना जीभ नाकावर फिरवणं, झोप नसताना जांभई देणं, तोंड दुसरीकडं वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघणं, म्हणजे डोळ्याचा पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसतो. आणि सगळ्यात फसवं म्हणजे एकदम दगडासारखं गप्प होणं. आमचे हे म्हणाले, "बघ की, शांत बसलीय, कर आता." ती शांत नव्हती, गोठली होती. खाऊ नाकाशी धरला तरी घेतला नाही. नेहमी खाणारं कुत्रं खात नाही म्हणजे तुम्ही पुढं निघून गेलात. दोन पायऱ्या मागं या.

गुरगुरली तर ओरडू नका. मला माहीत आहे, आपल्याकडं लगेच थापड बसते. "एवढंसं कुत्रं आन्‌ मलाच दात दावायलंय!" पण गुरगुर ही पाटी आहे, पुढं खड्डा आहे म्हणून लावलेली. पाटी उपटली तरी खड्डा तिथंच राहतो. गुरगुरण्यावर मार खाल्लेलं कुत्रं पुढच्या वेळी न सांगता चावतं. हात थांबवा, बाजूला घ्या, आणि नेमकं कुठं हात गेला होता ते लक्षात ठेवा. आणि चावलंच, थोडं खरचटलं तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुऊन सरळ दवाखाना गाठा. घरचंच कुत्रं आहे म्हणून चुना-हळद लावून बसू नका.

तिसऱ्या आठवड्यात मी हनुवटीचा खेळ सुरू केला. तळहात वर करून जमिनीजवळ धरायचा. तिनं वास घ्यायला तोंड आणलं, खाऊ. हनुवटी टेकली, खाऊ. एक सेकंद टेकून राहिली, खाऊ. मग दोन, मग पाच. पाचाचे दहा व्हायला आठ दिवस गेले. त्यानंतर नियम एकच: हनुवटी हातावर आहे तोवर माझा दुसरा हात काम करतो, तिनं उचलली की माझा हात हवेतच थांबतो. पहिल्या दिवशी तिनं चौदा वेळा उचलली. मी चौदा वेळा थांबले. पंधराव्या वेळी टेकवली आणि सुस्कारा सोडला. आपण थांबवलं की हे थांबतं, हे तिला कळलं होतं. एका गिऱ्हाईकताई ब्लाउज न्यायला आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "ताई, एवढा वेळ आमच्या मापाला दिला असता तर बाही घट्ट झाली नसती." बरोबर होतं त्यांचं.

ब्रश आणि जटा

ब्रश आला तो आधी नुसता तुकड्याच्या कडेला पडून राहिला. ब्रश दिसला की चिकन चालू, ब्रश पेटीत गेला की चिकन बंद. चौथ्या दिवशी ती स्वतःच पेटीपाशी जाऊन बसली. मग ब्रशच्या पाठीनं, म्हणजे लाकडी बाजूनं, खांद्यावर एक फेर. मग दातऱ्यांनी एक फेर. एकच.

लांब केसाच्या कुत्र्याला दोन वस्तू पुरतात: बारीक वाकड्या तारांचा स्लिकर ब्रश आणि एक स्टीलचा कंगवा. स्लिकर दाबून चालवू नका, आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवून बघा. वरवर फिरवलं की केस चकचकीत दिसतात आणि खाली जट तशीच राहते. साडीच्या निऱ्या कशा एकेक उलगडतो, तसे केस वर उचलून खालून एकेक थर विंचरत यायचं. शेवटी कंगवा कातडीपासून टोकापर्यंत न अडखळता गेला तर झालं. जटा नेहमी ठरलेल्या जागी होतात: कानामागं, काखेत, पट्ट्याखाली, मागच्या मांड्यांच्या आत.

जट सापडली तर तिथं चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळा. डाव्या हाताच्या चिमटीत जट कातडीजवळ पक्की धरा, म्हणजे ओढ तुमच्या बोटांना बसेल, तिला नाही. मग कंगव्याच्या टोकानं जटेच्या शेंड्याकडून सुरुवात करा आणि थोडं थोडं मुळाकडं या. एका बैठकीत एक जट सुटली तरी पुष्कळ. कात्री चालवायचा मोह झाला तर माझे दोन टाके आठवा. अंगभर नमद्यासारखे केस जमले असतील तर ते विंचरत बसणं म्हणजे छळ आहे. डॉक्टरांकडं नेऊन, लागलं तर गुंगी देऊन, एकदा भादरून घ्या आणि नवीन केसांवर नव्यानं शिकवा. गुंगीची गोळी मात्र मेडिकलवरून आपल्या मनानं आणू नका, लहान कुत्र्याचं माप चुकायला वेळ लागत नाही.

दिवाळीच्या सुमाराला शेताकडं नेलं तर आघाडा आणि कुसळं गोळा करून आणते. कुसळ पंजाच्या बोटांमधून कातडीत शिरतं, कानातही जातं, म्हणून घरी आल्यावर आधी पंजे बघायचे. गोचीड दिसली तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल नको, काडी लावणं नको. आणि गायी-म्हशींच्या अंगावर मारायचं गोचिडाचं औषध अंदाजानं पातळ करून कुत्र्याला लावू नका. ते अंग चाटतं, आणि विषबाधा होते.

नखं

हे सगळ्यात अवघड. आमच्या घरात शहाबादी फरशी आहे. गुंडी चालताना टक-टक आवाज यायला लागला की नखं वाढली असं समजायचं.

नखाच्या आत रक्ताची शीर असते. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते. काळ्या नखात दिसत नाही, म्हणून एक-दीड मिलिमीटरची चकती कापायची, कापलेल्या तोंडाकडं बघायचं, परत चकती. मधोमध गडद ओलसर ठिपका दिसायला लागला की थांबायचं. नखं फार वाढलेली असतील तर शीरही लांबलेली असते. दर आठवड्याला थोडं थोडं कापलं की ती मागं सरकते. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूला वरती एक अंगठ्याचं नख असतं, ते जमिनीला घासत नाही, वळून कातडीत घुसतं. केसाळ कुत्र्यात ते विसरलं जातं. कुत्र्यांचंच कात्रीवजा नेलकटर घ्या. माणसाच्या नेलकटरनं नख चेपतं आणि फाटतं.

गुंडीला कापण्यापेक्षा त्या "टच्‌" आवाजाचा धसका होता. मग मी उन्हाळ्यातल्या कुरडया काढल्या. न तळलेल्या कुरडईची काडी नेलकटरनं तोडली की आवाज थेट नखासारखाच येतो. ती खोलीच्या त्या टोकाला असताना एक काडी, टच्‌, चिकन. मग दोन फरशा जवळ. दहा-बारा दिवसांत ती माझ्या गुडघ्याला टेकून बसली आणि मी अर्धी कुरडई संपवली. सासूबाई म्हणाल्या, "कुत्र्यापायी कुरडया मोडायलीस व्हय गं?" मी म्हटलं, चुरा तळून देते, आणि दिला.

मग पंजा हातात घ्यायचा, सोडायचा. बोट दाबून नख बाहेर काढायचं, सोडायचं. नेलकटर नखाला टेकवायचं, कापायचं नाही. आणि मग एक दिवस पुढच्या उजव्या पायाचं मधलं नख, एक चकती. चिकनचा मोठा तुकडा. तुकडा गुंडाळला. "अगं, जमायलंय तर सगळीच काप की आता," असं हे म्हणाले. नाही कापली. एका दिवशी एकच नख. अठरा नखं, अठरा दिवस. पुन्हा पहिल्यापासून येईतो ते वाढलेलंच असतं.

एकदा शीर लागली. रक्त भरपूर दिसतं, घाबरू नका. स्वच्छ कापसावर कॉर्नफ्लोअर घेऊन पाच मिनिटं न उचलता दाबून धरा. दर दहा सेकंदांनी बघायला उचललं तर थांबत नाही. तुरटीची पूडही काम करते, पण झोंबते. त्या दिवशी बाकी काही नाही, नुसतं चिकन आणि मोकळं सोडून दिलं. दोन दिवस मागच्या पायरीवर गेलो.

ज्यांना नेलकटर जमतच नाही त्यांच्यासाठी: सुताराकडून हातभर फळी आणा, तिच्यावर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा, तिरकी धरा. फळीखाली खाऊ दाखवला की बरीच कुत्री पंजानं उकरतात. उकरलं की खाऊ. पुढच्या पायांची नखं अशी स्वतःच घासून घेतात, कुणाला धरावं लागत नाही.

ट्रिमर आणि आंघोळ

ट्रिमरच्या आवाजाचं गुंडीला काही वाटलं नाही, दिवसभर मोटरची मशीनच ऐकते. तिला नको होती ती थरथर. म्हणून बंद ट्रिमर अंगाला, मग चालू ट्रिमर माझ्या हातात आणि माझ्या हाताची पाठ तिच्या अंगाला, मग ट्रिमरची मागची बाजू, पातं शेवटी. दर दोन-तीन मिनिटांनी पातं मनगटाला लावून बघा, चटका वाटला तर बंद. उन्हाळा म्हणून पार टक्कल करू नका, ऊन सरळ कातडीला लागतं. मी इंचभर ठेवते. घरी पॉमेरियन असेल तर त्याला तर मशीन लावूच नका. त्याचे केस दुहेरी असतात, एकदा भादरले की पुन्हा धड येतील याची खात्री नाही.

मे महिन्यात लातुरात चाळीसच्या वर पारा असतो. चपट्या नाकाच्या कुत्र्याला धाप पटकन लागते, आणि ती भीतीची की उकाड्याची हे ओळखता येत नाही. तेव्हा आमची अडीचची वेळ बदलून सकाळी सात होते.

आंघोळ तीन-चार आठवड्यांतून एकदा बास. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते ज्यांनी बघितलंय त्यांना कमी पाण्यात कसं भागवायचं हे सांगायला नको. दोन बादल्या कोमट पाणी पुरतं. आधी विंचरा, मगच पाणी. जट भिजली की आवळते. बोअरच्या जड पाण्यात फेस येत नाही म्हणून आपण शाम्पू ओतत जातो, आणि तो निघत नाही, मग खाज. मग्यात आधीच पातळ करून घ्या. शाम्पू कुत्र्यांचाच, कारण माणसाच्या कातडीचा आम्लपणा वेगळा आणि त्यांचा वेगळा. बाथरूमच्या फरशीवर ओलं गोणपाट टाका. बरीच कुत्री पाण्याला नाही, पाय घसरण्याला भितात. तोंडावर तांब्या ओतू नका, ओल्या फडक्यानं पुसा. कानात बड घालू नका. ड्रायरपेक्षा जुनं सुती लुगडं चांगलं.

परवा पुतण्या आला होता. गुंडीनं पिवळा तुकडा बघितला, येऊन बसली, हनुवटी त्याच्या हातावर टेकवली. तो बघतच राहिला. मग म्हणाला, "काकू, मी करू का?" मी म्हटलं, कर, पण मागच्या डाव्या पायाला हात लावू नको. तो पाय ती अजून देत नाही. त्याची दोन नखं राहिलीत. उद्या अडीचला एक बघते.